हाली, कलदार आणि गोदावरीपलीकडचा बाजार

मंडळी, राज्यांच्या सीमांबद्दल आपण नेहमी राजे, तह आणि लढाया यांच्या अंगानं बोलतो. आज सीमा ओलांडून बाजाराला जाणाऱ्या साध्या माणसांबद्दल बोलू. हा इतिहास दप्तरात कमी आणि घरच्या बोलण्यात जास्त सापडतो.

आपला अहिल्यानगर जिल्हा, तेव्हाचा अहमदनगर, मुंबई इलाख्यात होता. नेवासे, शेवगाव भागात गोदावरी ओलांडली की १९४८ पर्यंत निजामाचं हैदराबाद संस्थान लागायचं. टोके अलीकडे, कायगाव पलीकडे. मुंगी अलीकडे, पैठण पलीकडे. जामखेडच्या बाजूला तर दोन्हीकडची गावं एकमेकांत गुंतलेली. पलीकडच्या मुलखाला आमचे वाडवडील 'मोगलाई' म्हणत.

दोन राज्यं म्हणून नाणीही दोन. अलीकडे कलदार, पलीकडे हाली. ठरलेला सरकारी भाव शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत सहाला सात. शिवाय निजामाचं जकात खातं, ज्याला करोडगिरी म्हणत. कंपनी सरकार आणि निजाम यांच्या १८०२ च्या व्यापारी तहात मालावरची जकात शेकडा पाच ठरली होती.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, एक लुगडं पैठणला सात रुपये हाली आणि तसंच नगरला साडेसहा रुपये कलदार. कानाला नगर स्वस्त वाटतं. पण सात हाली म्हणजे सहा कलदार, तेव्हा पैठणला आठ आणे वाचले. त्यावर शेकडा पाचनं करोडगिरी धरा, जवळजवळ पाच आणे गेले. राहिले तीन. त्यातून नाणं बदलून देणाऱ्या सराफाचा बट्टा, नावाड्याचे जाता-येताचे पैसे आणि बुडालेला दिवस वजा करा. हातात काय उरतं? आमच्या घरी आजीला लिहिता येत नव्हतं, पण हा हिशेब ती तोंडी करायची. 'भाव ऐकू नये, घरी पोचल्यावर मोजावा,' असं तिचं म्हणणं.

मग माणसं जात का होती? एक कारण म्हणजे निवड. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांचं कापड थेट इथं उतरू लागलं. मोगलाईतल्या गिऱ्हाइकाला त्याची ओढ. आपल्याकडची माणसं नाथषष्ठीला पैठणला जात, देवदर्शनाबरोबर पेठही पाहत. लग्नातल्या पैठणीचंच घ्या. कोपरगावकडच्या घराला येवलं जवळ, आणि तेही मुंबई इलाख्यातलं, म्हणजे करोडगिरीचा प्रश्नच नाही. तरी पैठणहूनच पैठणी आणायची असा कुणाचा हट्ट असे. तिथं आणे-पै बघत नसत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर लगेच निजाम सरकारनं दोन वटहुकूम काढले. एकानं सोनंचांदी भारतात नेण्यावर निर्बंध आले, दुसऱ्यानं भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरलं. काल ज्या कलदारानं मीठमिरची घेतली, तोच कलदार आज देता येईना. इकडून भारत सरकारनंही माल अडवला. नदी तीच, घाट तोच, पण पिशवी घेऊन जाणारी बाई गिऱ्हाईक की चोरटी, हे आता नाक्यावरचा माणूस ठरवणार.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना विचारत असू: त्या बाईनं गुन्हा केला का? आमचं मत सांगतो. स्वस्ताई लुगड्याच्या सुतात नव्हती, ती राज्यकर्त्यांनी आखलेल्या रेषेत होती. बाईनं ती फक्त वाचली. घरापुरतं आणणाऱ्याला आम्ही चोर म्हणणार नाही. गाडे भरून माल लपवून नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण एक बोचरी गोष्टही मान्य केली पाहिजे. तिचे तीन आणे वाचत होते तेव्हा तिच्याच गावच्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं, आणि दुष्काळात उधार देणारा तोच होता. हा खर्च आजीच्याही हिशेबात नव्हता.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनं संस्थान संपलं. संविधानाच्या कलम ३०१ नं देशभर व्यापार मोकळा ठेवला, तरी संस्थानी जकातींना काही वर्षांची मुदत होती. हालीही एकदम गेली नाही. १९५९ मध्ये ती पूर्ण रद्द झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन्ही काठ एका राज्यात नांदू लागले. पुढं १९७६ मध्ये जायकवाडी धरण पुरं झालं, आणि शेवगाव-नेवाशाकडचे कितीतरी जुने उतार नाथसागराच्या पाण्याखाली गेले. आमच्या आजीचा उतारही त्यातच.

आज घरबसल्या मोबाईलवर कुठलीही सीमा ओलांडता येते. भाव समोर दिसतो. घरी पोचल्यावरचा हिशेब मात्र आपला आपल्यालाच करायचा आहे, आणि त्यात गावच्या दुकानदाराचाही एक रकाना ठेवावा, एवढंच सुचवून आम्ही थांबतो.