माळवदाचे ओझे

उमरीच्या जुन्या गल्ल्यांत अजूनही काही माळवदे उभी आहेत. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखात बाहेर अंग भाजते, आत मात्र गारवा असतो. निजामी अमलातील मराठवाड्यात हिंदू काय, मुसलमान काय, घरे अशीच बांधत.

वर्गात आम्ही किल्लारीचा भूकंप शिकवत होतो. एका मुलाने विचारले, "सर, हमारे घर पे भी मिट्टी है. वो भी गिरेगा क्या?"

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे गाढ झोपली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली आणि सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाच्या नकाशावर हा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 च्या नकाशात तो तिसऱ्यात गेला.

सगळा दोष दगडमातीला दिला गेला. तो अर्धाच खरा होता. भिंत आतबाहेर दोन थरांत रचलेली, मध्ये गोट्यांची भर. दोन्ही थर सांधणारा आरपार दगडच नसे. हादरा बसताच भिंत फुगून फाटे. त्यात गळती थांबावी म्हणून मृगाआधी माळवदावर नवी माती टाकत, जुनी मात्र काढत नसत. आजोबा, वडील, मुलगा, प्रत्येकाने घराची काळजीच घेतली. तिचे वजन डोक्यावर साठत गेले. जिथे लाकडी सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती पडूनही छत तरल्याची उदाहरणे आहेत.

पुढे 52 गावे नव्या जागी वसली. इतरत्र मजबुतीकरणाचे उपाय ठरले: माळवदाची माती कमी करणे, भिंतीत आरपार काँक्रीटचे दगड बसवणे, भिंतींना पट्ट्याने बांधणे, खांब-तुळयांना तिरके आधार देणे. म्हणजे जुने घर सुधारता येत होते. आपण मात्र घाबरून पत्रा आणि स्लॅबकडे वळलो. आता उन्हाळ्यात त्याच घरांत दुपार काढणे कठीण जाते.

आम्ही उर्दू शिकवतो. 'इमारत' आणि 'उम्र' हे शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. घराने माणसाचे आयुष्य राखावे, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे.

त्या मुलाच्या वडिलांना आम्ही एवढेच सांगितले: यंदा माती टाकण्याआधी जुनी उतरवा, आणि जाणत्या इंजिनिअरला भिंत दाखवा.