अजपाजप

तंत्र व नाथ परंपरांतील मंत्रध्यानाचा एक प्रकार. ‘हंस’ किंवा ‘सोहम्’ हा मंत्र जीभ वा माळ न वापरता श्वासाबरोबर अखंड चालू असतो आणि साधकाने त्याकडे केवळ लक्ष ठेवायचे, ही त्यातील मुख्य कल्पना. त्यालाच अजपा गायत्री असेही म्हणतात. विज्ञानभैरव, गोरक्षशतक, घेरंडसंहिता, योगचूडामणी उपनिषद या ग्रंथांत त्याचे विवेचन येते.

गोरक्षशतकानुसार प्राण ‘ह’काराने बाहेर पडतो व ‘स’काराने आत येतो. हा क्रम काही ग्रंथांत उलटा आहे. त्यामुळे कोणते अक्षर कोणत्या श्वासाला जोडायचे, हे ज्या त्या परंपरेतील गुरू सांगतो. अहोरात्रात हा जप २१,६०० वेळा होतो असे मानले आहे. जुन्या कालगणनेत एका घटकेचे ३६० श्वास आणि अहोरात्राच्या ६० घटका, त्यावरून ही संख्या येते. मिनिटाला १५ श्वास हे तिचे आजचे रूप. नित्यकर्मात आदल्या दिवसाचा हा जप सकाळी चक्रदेवतांना अर्पण करण्याचा विधी आहे. त्यात मूलाधारी गणेशाला ६००, तर स्वाधिष्ठान, मणिपूर व अनाहत येथील ब्रह्मा, विष्णू व रुद्र यांना प्रत्येकी ६,००० जप अर्पण करतात. उरलेले ३,००० विशुद्ध, आज्ञा आणि सहस्रार यांना समान वाटले जातात.

कुंडलिनी या सुप्त शक्तीशी अजपाचे नाते या विधीहून खोल आहे. ही गायत्री कुंडलिनीतूनच उपजते, असे गोरक्षशतक सांगते. म्हणजे श्वासातील नाद ऐकत जाणे हे शक्तीच्या उगमाकडे परत जाणेच ठरते. हठयोगात बंध, मुद्रा व कुंभक यांनी शक्ती जागवायची असते. अजपात श्वास ताणायचा नाही, कोंडायचाही नाही. अवधान सूक्ष्म होत गेले की श्वासाची गती आपोआप मंदावते. ही साधना वरवर सोपी वाटते, पण तिचे खरे सामर्थ्य या संयमातच आहे. अर्थात दोन्ही वाटा परस्परांपासून तुटलेल्या नाहीत. नाथग्रंथांत त्या एकत्रच शिकवल्या आहेत.

मराठीत कुंडलिनीजागृतीचे सर्वांत समर्थ वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे (१२९०). मूळ गीतेच्या त्या अध्यायात कुंडलिनीचा उल्लेखही नाही. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती या परंपरेतून आलेले योगज्ञान ज्ञानेश्वरांनी तेथे खुले केले. रत्नागिरी जिल्ह्यातील पावस येथील स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) हे याच नाथपरंपरेतील. त्यांनी सोहम्‌साधनेचा उपदेश केला आणि ज्ञानेश्वरी अभंगरूपात सुबोध मराठीत आणली.