सागाचे जहाज आणि त्याचा जीर्णोद्धार

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणां तिगावकरांस समुद्र परका. साग मात्र घरचा. म्हणूनच समुद्राचा विषय या व्यासपीठावरून मांडताना मी सागाची वाट धरीत आहे. शीड लावून चालणारी एक जुनी युद्धनौका, मुंबईच्या गोदीत सागाची घडवलेली, इंग्लंडात मोडीत निघता निघता वाचली. तिच्या दुरुस्तीचा इतिहास मला सांगावयाचा आहे.

नौकेचे नाव ‘त्रिंकोमाली’. ती बांधण्याचा हुकूम 1812 साली सुटला. तिचे आराखडे ज्या ‘जावा’ नावाच्या नौकेवरून मुंबईस निघाले, तिचा त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने विध्वंस केला आणि आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. (ती ‘कॉन्स्टिट्यूशन’ही बोस्टनच्या बंदरात आजवर सांभाळलेली आहे, हा योगायोग पाहावा.) वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या हाताखाली काम झाले. पारशी रीतीप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी नौका पाण्यात उतरली. जमशेटजींचे नाव इतिहासाने राखले. ज्या सुतारांनी वाकस, रंधा आणि पटाशी चालवली, त्यांची नावे मात्र कोठे आढळत नाहीत.

इंग्लंडातील गोद्यांत ओक वापरीत. ओकमध्ये आम्लाचा अंश असतो, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात व भोवतालचे लाकूडही खराब होते. सागातील तेल लोखंडाचा बचाव करते, शिवाय किडीला दूर ठेवते. लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक बाधते, हे ऐकून नवल वाटेल. कुंपणाचा खांब मातीत खोल गेलेल्या भागापेक्षा जमिनीलगतच आधी कुजतो, हे शेतकऱ्याला ठाऊकच आहे, जहाजाचेही तसेच. वरच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपून साचते आणि आतून लाकूड पोखरले जाते. म्हणून जुन्या जहाजाच्या दुरुस्तीत पहिले काम असते ते ठोकून पाहण्याचे. हातोडीचा आवाज बद्द आला की सुताराने समजावे.

इंग्लंडात पोहोचली तेव्हा युद्धे संपलेली होती. कित्येक वर्षे ही नौका नुसती पडून राहिली. पुढे 1847 ते 1857 या काळात तिने अटलांटिक व पॅसिफिक महासागरांत चाकरी केली. 1897 साली ती भंगारात विकली गेली. त्याच वर्षी जेफ्री कॉब नावाच्या गृहस्थाची ‘फूद्रोयां’ ही नौका ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटली होती; त्याने भंगारवाल्यांकडून त्रिंकोमाली घेतली, तिची दुरुस्ती केली आणि तिला ‘फूद्रोयां’ हेच नाव दिले. मुलांच्या प्रशिक्षणासाठी ती पुढे अनेक दशके उपयोगी पडली. तिच्या जोडीला ‘इम्प्लॅकेबल’ ही आणखी एक जुनी नौका होती. दुरुस्तीचा खर्च झेपेना, म्हणून 2 डिसेंबर 1949 रोजी ती स्फोटकांनी समुद्रात बुडवण्यात आली. माझ्या मते या दोन नौकांची तुलना फार बोलकी आहे. एकीला वेळेवर पैसा मिळाला नाही, एवढाच काय तो फरक.

त्रिंकोमाली 1987 साली हार्टलपूल येथे आणण्यात आली. दुरुस्ती 1990 मध्ये सुरू झाली आणि 2001 पर्यंत चालली. 1992 मध्ये तिला जुने नावही परत मिळाले. कुजलेला भाग कापावा, चांगल्या लाकडाला तिरका छेद द्यावा, त्यावर नवा तुकडा नेमका बसवावा, असे हे काम. मराठीत आपण ‘डागडुजी’ आणि ‘जीर्णोद्धार’ असे दोन शब्द वापरतो. डागडुजीत वस्तू चालती राहावी एवढाच हेतू असतो. जीर्णोद्धारात जुन्याचा मान राखून त्याला पुन्हा उभे करावयाचे असते. देवळाचा जीर्णोद्धार म्हणून जुने दगड फेकून संगमरवर लावणाऱ्यांना हा भेद कळावा अशी माझी फार इच्छा आहे! हार्टलपूलच्या कारागिरांनी मूळ सांगाड्यातील निम्म्याहून अधिक लाकूड राखले, आणि ते राखता आले याचे श्रेय मुंबईच्या सुतारांकडेही जाते. कारण मूळचेच काम खोटे असते तर वाचवायला काय उरले असते?

आज ही नौका हार्टलपूलला पाण्यावर तरंगती आहे; ब्रिटनमधील तरंगत्या युद्धनौकांत तीच सर्वांत जुनी. तिला जन्म देणारी मुंबईची गोदी आता भारतीय नौदलाकडे असून तेथे जहाजांची दुरुस्ती अजूनही चालते.