क्षमा आणि दंड
तेव्हाच्या ओरिसातील मनोहरपूर येथे १९९९ च्या जानेवारीत जमावाने ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन कोवळे पुत्र यांना मोटारगाडीत जिवंत जाळले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. ‘माफी’ हा शब्द येथे हलका पडतो. संस्कृत ‘क्षमा’ म्हणजे सोसणे. पृथ्वीचेही ते नाव. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दात मात्र ऋणातून मोकळे करण्याचा भाव आहे. ग्लॅडिसबाईंनी सोडले ते सूडाचे ऋण. अपराधाचा दंड हा कायद्याचा विषय, तो त्यांनी क्षमेत मिसळला नाही. दारा सिंगची फाशी २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली, तीही पुराव्याच्या विचाराने. बाई २००४ पर्यंत मयूरभंजात कुष्ठरुग्णांची सेवा करीत राहिल्या होत्या.