विलेपार्ले पोटनिवडणूक, १९८७

मुंबईतील विलेपार्ले मतदारसंघात महाराष्ट्र विधानसभेच्या जागेसाठी १३ डिसेंबर १९८७ रोजी झालेली पोटनिवडणूक. शिवसेनेचे उमेदवार डॉ. रमेश यशवंत प्रभू तीत निवडून आले. प्रचारात धर्माच्या आधारे मते मागितल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ही निवड रद्द ठरवली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. एका जागेच्या या लढतीची एरवी कोणी फारशी आठवण ठेवली नसती. प्रचारसभेत काय बोलावे आणि काय बोलू नये, याविषयीच्या भारतीय कायद्यात मात्र तिचा उल्लेख टाळता येत नाही.

१९६६ साली स्थापन झालेली शिवसेना तोवर मुख्यतः मराठी माणसाच्या नोकरीधंद्याचा प्रश्न घेऊन उभी होती. १९८५ मध्ये तिने मुंबई महानगरपालिका जिंकली, पण त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत माझगावचे छगन भुजबळ हा तिचा एकमेव आमदार होता. पालिकेतले बळ विधानसभेत उतरत नव्हते. मुस्लिम घटस्फोटितेच्या पोटगीवरून गाजलेले शहाबानो प्रकरण आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अयोध्येत बाबरी मशिदीचे उघडलेले कुलूप यांमुळे देशभर वातावरण तापले होते आणि शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या भाषणांचा रोख मराठीकडून हिंदुत्वाकडे वळू लागला होता. विलेपार्ल्यात मराठी मध्यमवर्गाइतकाच गुजराती मतदारही महत्त्वाचा होता. निव्वळ मराठीच्या मुद्द्यावर येथे बेरीज जुळणे कठीण होते. हिंदू म्हणून केलेल्या आवाहनात दोघेही बसत होते.

प्रभू हे व्यवसायाने डॉक्टर, आणि त्या वर्षी मुंबईचे महापौर. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसचे प्रभाकर काशीनाथ कुंटे आणि जनता पक्षाचे प्राणलाल व्होरा उभे होते. भारतीय जनता पक्षाने या लढतीत व्होरा यांना पाठिंबा दिला होता, म्हणजे हिंदुत्वाचा झेंडा घेतलेल्या शिवसेनेसमोर भाजप विरोधी बाजूला होता. दोन्ही पक्षांची युती १९८९ मध्ये झाली. विलेपार्ल्याच्या निकालाने भाजपच्या नेत्यांना हिशेब नव्याने मांडायला लावला, असे म्हणायला जागा आहे. १९९० च्या विधानसभेत शिवसेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार होते.

शिवसेनेचे ‘सामना’ हे दैनिक सुरू झाले ते २३ जानेवारी १९८८ रोजी, म्हणजे मतदानानंतर सहा आठवड्यांनी. त्यामुळे प्रचाराची भिस्त शाखांच्या जाळ्यावर आणि जाहीर सभांवर होती. ‘गर्व से कहो हम हिंदू हैं’ ही घोषणा मुंबईत याच पोटनिवडणुकीशी जोडली जाते. उमेदवारापेक्षा पक्षप्रमुखाचेच बोलणे लोकांच्या लक्षात राहावे, अशी ही मोहीम होती. न्यायालयासमोर पुढे आल्या त्या ठाकरे यांच्या तीन सभा : २९ नोव्हेंबरला पार्ल्यात शिवसेना शाखा क्र. ८४ समोर, ९ डिसेंबरला खार-दांडा येथे शंकराच्या मंदिराजवळ आणि १० डिसेंबरला विलेपार्ले पूर्वेच्या जलतरण मैदानावर. शेवटची सभा आणि मतदान यांत तीनच दिवसांचे अंतर होते. उमेदवार हिंदू आहे म्हणून हिंदूंनी त्याला मत द्यावे, असा या भाषणांचा आशय असल्याचे आणि त्यांत मुसलमानांविषयी अवमानकारक भाषा वापरल्याचे न्यायालयांना आढळले.

१४ डिसेंबरला निकाल लागला. पराभूत उमेदवार कुंटे यांनी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. तिचा आधार लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२३ हा होता. या कलमाचे पोटकलम (३) धर्म, वंश, जात, जमात वा भाषा यांच्या आधारे मते मागण्यास आणि पोटकलम (३अ) समाजगटांत वैर पसरवण्यास भ्रष्ट आचरण ठरवते. आक्षेपार्ह बोलणे उमेदवाराच्या तोंडचे नसले तरी चालते, त्याला उमेदवाराची संमती असणे पुरेसे असते. आपण ते वाक्य उच्चारलेच नाही, ही सबब येथे अपुरी पडते, कारण पक्षाचा सर्वोच्च नेता येऊन आपल्यासाठी मते मागत असताना संमती नव्हती म्हणणे अवघड असते. ७ एप्रिल १९८९ रोजी उच्च न्यायालयाने प्रभूंची निवड रद्द केली आणि भ्रष्ट आचरणासाठी ठाकरे यांचेही नाव निकालात नोंदवले.

सर्वोच्च न्यायालयातील अपिलात अपीलकर्त्यांचे वकील राम जेठमलानी यांनी असा युक्तिवाद केला की हे कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालते. न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो फेटाळला. संविधानात सभ्यतेच्या कारणासाठी जे वाजवी निर्बंध मान्य आहेत त्यांत हे कलम बसते, असे पीठाने म्हटले आणि पक्षाच्या सर्वोच्च नेत्याने अशी भाषा वापरावी याबद्दल खेदही नोंदवला. अपिले फेटाळली गेली, पण १९८५ ची ती विधानसभा १९९० मध्येच संपलेली होती. रद्द करायला जागा उरलीच नव्हती, म्हणून या निकालाचा धाक जितका वाटायला हवा होता तितका वाटला नाही.

निकालपत्रातील एक विधान मात्र निकालापेक्षा अधिक गाजले. ‘हिंदुत्व’ हा शब्द केवळ संकुचित धार्मिक अर्थाने घेण्याचे कारण नाही, तो जीवनपद्धतीचा निदर्शकही असू शकतो, असे त्यात म्हटले होते. राजकीय वादांत हे विधान सर्रास पुढे केले जाते; ज्या खटल्यात ते आले तो खटला शिवसेनेचा उमेदवार हरला, हे सांगायचे बहुधा राहून जाते. त्याच दिवशी त्याच पीठाने दादर मतदारसंघातील १९९० ची शिवसेनेचे मनोहर जोशी यांची निवड, उच्च न्यायालयाने रद्द केली असतानाही, वैध ठरवली. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य येईल, अशा आशयाचे जोशींचे विधान म्हणजे मतांची याचना नव्हे, नुसती आशा आहे, असे पीठाचे म्हणणे पडले. निकालाच्या वेळी जोशी मुख्यमंत्री होते. आशा आणि याचना यांतील ही सीमारेषा पटण्यासारखी नाही, कारण निवडणुकीच्या व्यासपीठावरून बोललेली आशा मतांसाठीच असते.

शिक्षेचा शेवटचा भाग आणखी उशिरा आला. निवडणूक आयोगाच्या शिफारशीवरून जुलै १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरे यांचा मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. ही मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या दिवसापासून, म्हणजे डिसेंबर १९९५ पासून मोजण्यात आली. त्यामुळे १९९९ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांत स्वतःच्या पक्षाला मत देणे त्यांना शक्य झाले नाही. प्रचारसभा घेण्यास मात्र आडकाठी नव्हती.

कलम १२३(३) मधील ‘त्याचा धर्म’ म्हणजे कोणाचा धर्म, हा प्रश्न पुढे अभिराम सिंग खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. सिंग हे १९९० मध्ये सांताक्रूझमधून निवडून आलेले भाजपचे उमेदवार होते. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने पीठाने ठरवले की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्याही धर्माच्या आधारे केलेले आवाहन भ्रष्ट आचरण ठरते. ‘हिंदुत्वा’च्या अर्थात शिरण्यास मात्र या पीठाने नकार दिला होता, त्यामुळे १९९५ चे ते विधान या निकालाने बदलले नाही.