डीओडँड
डीओडँड : इंग्लंडच्या जुन्या विधीतील एक संज्ञा. मनुष्याच्या अपघाती मृत्यूस कारण झालेली व त्यामुळे राजाकडे जप्त होणारी जंगम वस्तू अथवा जनावर, असा तिचा अर्थ. ‘देवाला द्यावयाचे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून ती बनली. हे शब्द संस्कृत ‘देव’ व ‘दान’ यांचे सगोत्र असले, तरी देवस्थान-इनामासारखे स्वेच्छेचे दान येथे अभिप्रेत नाही.

बैलाने भोसकून वा गाडीखाली सापडून कोणी मेल्यास कोरोनरची ज्यूरी त्या बैलाचे वा गाडीचे मोल ठरवी व मालकास ते भरावे लागे. मग त्याचा दोष असो वा नसो. गाडी चालती असल्यास ती संपूर्ण जप्त होई. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना पडून कोणी मेल्यास केवळ चाक. खुनाच्या आरोपपत्रात हत्याराची किंमत नमूद करण्याची प्रथा याच नियमामुळे पडली. हे उत्पन्न राजाच्या दानाधिकाऱ्यामार्फत धर्मकार्यास लागावे, असा मूळ संकेत होता. तथापि राजाने हा हक्क अनेक जमीनदारांना व नगरांना बहाल केल्यामुळे देवाचा संबंध बहुधा नावापुरताच उरला. ज्यूरीही पुढे नाममात्र रकमा ठरवू लागल्या.

आगगाडीने या निद्रिस्त संज्ञेला जाग आणली. 24 डिसेंबर 1841 रोजी सॉनिंग येथे दरड कोसळून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाडीला अपघात झाला. उघड्या डब्यांतील मजूर मृत्युमुखी पडले. ज्यूरीने इंजिन व डब्यांवर 1,000 पौंड डीओडँड बसविले. तथापि ही रक्कम मृतांच्या कुटुंबीयांसाठी नव्हती. त्यांना मिळणार काहीच नव्हते. मनुष्याच्या मृत्यूबद्दल दिवाणी दावा चालत नाही, असे न्या. एलनबरो यांनी बेकर वि. बोल्टन (1808) या खटल्यात सांगितले होते. जखमीला भरपाई मागता येई, मृताच्या विधवेला नाही. डीओडँडचा खरा दोष जप्तीच्या विचित्रपणात नसून या उणिवेत होता.

लॉर्ड कँबेल यांच्या पुढाकाराने 1846 मध्ये दोन अधिनियम संमत झाले. एकाने डीओडँड रद्द केले. दुसऱ्याने, दुसऱ्याच्या गैरकृत्याने वा हयगयीने मृत्यू आल्यास, मृताच्या निकटच्या आप्तांना भरपाईचा हक्क दिला. भारतात बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग 1853 मध्ये सुरू झाला आणि दोनच वर्षांनी, 1855 च्या तेराव्या अधिनियमाने, तोच हक्क येथील पती, पत्नी, आईवडील व मुले यांना मिळाला.