बटण दाबा, प्रॉम्प्ट हजर

मंडळी, गेल्या पावसाळ्यात भामरागडकडच्या एका शाळेत मुलांसाठी पायथन बसवायला गेलो होतो. इंटरॅक्टिव्ह धडे ब्राउझरमध्ये चालवायचा बेत होता. पण पर्लकोटेला पूर आला, नेट गायब, इन्स्टॉलेशन अर्ध्यावर!

तेव्हा १९८४ आठवलं. त्या वर्षी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात भारतातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. बेसिक भाषा रॉममध्येच. बटण दाबलं की प्रॉम्प्ट हजर. ओळ लिहा, लगेच उत्तर बघा. सेटअपची भानगडच नाही. पुढे आपणच मूल आणि धडा यांच्यामध्ये नेट आणून ठेवलं.

शेवटी पेनड्राइव्हवरून पायथन टाकलं. आयडल सोबतच येतं. एका मुलीने नऊ-नऊ आकडी गुणाकार दिला. उत्तर वहीत ताडून म्हणाली, "सर, बरोबर आहे!"

एवढंच तर हवं होतं.